अकमारलच्या शेजारी कोण बसणार?

सन्माननीय अध्यक्ष आणि आमचे गावप्रमुख केंजेबेक, मुख्याध्यापक तुरुसबेक, मंचावरचे पाहुणे, शिक्षक मंडळी, आणि मटणाच्या वासाकडे ध्यान लागलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात माझं भागत नाही, हे माझी सून बेर्मेत सांगेल. ती बघा, मागं आत्ताच मान खाली घालून बसलीय.

आपल्या शाळेतल्या मदतनीस उमसुनाईताई शनिवारी आपल्या लेकीकडं ओश शहराला निघाल्या. त्यांचं कौतुक तुम्ही केलंत, मीही करणार आहे. पण आधी एक विचारते. सोमवारी वर्गात माझ्या नातीच्या, अकमारलच्या शेजारी कोण बसणार? मुख्याध्यापक परवा घरी आले, पोटभर चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "आजी, नवीन माणूस मिळेपर्यंत पोरीला घरीच राहू द्या." घरी राहून ती काय करेल, मेंढ्या मोजेल? त्या तिला आताच येतात, किर्गीझमध्येही आणि रशियनमध्येही.

हे तिला कुणामुळं आलं? ऐका.

पहिलं नातवंड आजीचं, हे आपल्यात कुणाला समजावून सांगायला नको. अकमारल मला आई म्हणते, आणि जिनं जन्म दिला तिला नुसतं बेर्मेत. ती शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा शहरातनं तपासणी समिती आली. एक बाई कागदात डोकं खुपसून रशियनमध्ये विचारत होती आणि पोर गप्प. मग बाईनं एकदाच वर बघून विचारलं, "तुझी आई कुठंय?" पोरीनं माझ्याकडं बोट केलं. "मग ही कोण?" "ही बेर्मेत." झालं. बाईनं चष्मा काढला आणि म्हणाली, "जन्मदात्रीलाही ओळखत नाही. हिला शहरातल्या वेगळ्या शाळेत ठेवावं लागेल." माझी सून रडायला लागली. मी रडले नाही, मी पिशवी आवरायला लागले. पोरीला घेऊन पळायचं कसं, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आपल्या उमसुनाईताई उठल्या. म्हणाल्या, "मॅडम, आजच्या सगळ्या प्रश्नांत हेच उत्तर तिनं बरोबर दिलंय. मीही आजीलाच आई म्हणत वाढले." समितीचे प्रमुख टक्कल खाजवत म्हणाले, "मीसुद्धा." सगळे हसले, आणि पोर आपल्या गावच्या शाळेत राहिली.

मला वाटलं, जिंकलो. बाहेर येऊन मी ताईंचा हात धरला, तर त्यांनी मलाच झापलं. "खूश होऊ नका आजी. पोरीला कमी ऐकू येतं." मी म्हटलं, "काहीतरीच काय. आमच्या घरच्या मुली उशिराच बोलतात." त्या सरळ पोरीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अकमारल, बोर्सोक खातेस? गरम आहेत." पोर ढिम्म. आता मला सांगा, कणकेच्या तळलेल्या बोर्सोकचं नाव ऐकून जी मान वळवत नाही, अशी पोर आमच्या घराण्यात जन्मली आहे का? तेव्हा मला पटलं.

मग कानाला यंत्र आलं. पण यंत्रानं काय होतं? वर्गात दोन शिक्षक. एक किर्गीझ बोलणार, एक रशियन, आणि दोघंही फळ्याकडं तोंड करून. ताई अकमारलच्या शेजारी बसायच्या आणि शिक्षक वळले की पट्टीनं बाक वाजवायच्या. शिक्षक आधी चिडले, मग शिकले. पोरंही शिकली. आता त्या वर्गात कुणी बोलायच्या आधी हात वर करतं, म्हणजे अकमारलला कळतं कुणाकडं बघायचं. एवढी शिस्त आपल्या गावच्या बैठकीत आहे का, केंजेबेक? आणि घरी ती मला दटावते, "आई, चुलीकडं बघून बोलू नकोस, माझ्याकडं बघून बोल." सत्तरी गाठलेल्या बाईला असं बोलणं शिकवलंय हो तुम्ही, ताई.

म्हणून तुरुसबेक, पुन्हा विचारते. सोमवारी कोण? नुसती मान हलवू नका, उभं राहून सांगा.

काय म्हणालात ताई? मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू जाऊ दे. ऐकलंत का मंडळी? म्हणतात, नवीन मुलगी येऊन, माझ्याजवळ बसून हे काम शिकेस्तोवर मी ओशला जात नाही.

अहो, मी तुम्हाला अडवायला उभी राहिले नव्हते. मी या तुरुसबेकना अडवायला उभी राहिले होते. तुमच्या लेकीच्या शिव्या आता मला बसणार. या थंडीत ताईंचे गुडघे धरतात, रात्री झोप लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुरुसबेक, तुम्ही जेवढा उशीर कराल तेवढे दिवस ते गुडघे दुखतील. बघा, आता उठले. "एप्रिल लागायच्या आत नवीन माणूस आणतो" म्हणतात. कुठला एप्रिल? याच वर्षीचा ना? ठीक. गावप्रमुखांनी ऐकलंय, पाहुण्यांनीही ऐकलंय.

ताई, निरोपाचा म्हणून तुमच्या खांद्यावर घातलेला हा मखमली झगा परत घ्यायची आपल्यात पद्धत नाही, तेव्हा तो तुमचाच. मेंढाही कापून झालाय. निरोप राहिला, पण जेवण कशाला थांबवायचं?

अध्यक्षांनी मला एवढा वेळ बोलू दिलं, त्यांचे आभार. स्वयंपाकाला राबलेल्या सुनांचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर म्हातारी म्हणून पोटात घाला. तुरुसबेकना लागलं असेल, तर मात्र बरं झालं.