यात्रेची नवी चाल

भोरच्या स्टँडवर पारूबाईंचा एक कान वेल्ह्याच्या एसटीकडं, तर दुसरा मागच्या बाकावर बसलेल्या बँजो पार्टीतल्या दोघांकडं होता.

"म्हादूदादा, गावोगाव तुमच्या चालीवर वराती नाचत्यात. उद्या यात्रा. दर साली नवी चाल आदी भैरवनाथापुढं वाजवतो आपण, आन औंदा तुमी गप!"

"सुचंना रं, सोमनाथ."

"मग माझी वाजवू. निदान ऐकून तरी घ्या, न्हाईतर म्या पार्टी सोडतो."

"ऐकलीया. तू वस्तीमागं वाजवत बसतोस तवा रोज ऐकतो."

"आन एका शब्दानं बोलला न्हाईत?"

"काय बोलू? तवापास्नंच मला सुचंना झालंय."

एसटी लागली, तरी पारूबाई उठल्या नाहीत.

"मग, दादा?"

"तुझीच वाजवू. पण शेवटाला लई घाई करतोस. देवापुढं जरा दमानं घे."