हात बांधून वाच!

...आणि वर मलाच विचारतात, "ड्रम बडवून कुणी वाचायला शिकतं का हो?" कोण विचारतं? वरच्या मजल्यावरचे पेन्शनर! अहो, मी काय हौस म्हणून तो ड्रम घरात आणला? तुम्हाला सांगतो, मी छापखान्यात प्रुफं तपासणारा माणूस, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं पकडतोय, आणि माझी एकुलती एक लेक, आमची भिंगरी, तिसरीत गेली तरी तिला सरळ चार ओळी वाचता येईनात! पहिलं अक्षर बघायची आणि पुढचं अंदाजानं ठोकून द्यायची. कपाट लिहिलंय तर कपडा, बादली लिहिलंय तर बाहुली!

मग मी काय केलं? छापखान्यात करतो तेच. तिची वही लाल केली. रोज! एकदा म्हणाली, "बाबा, या वहीत माझ्यापेक्षा तुमचीच शाई जास्त आहे." मी हसलो... हसायला नको होतं हो मी.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. "वर्षअखेरीला एक पान वाचून दाखवायचं. नाही जमलं तर पुन्हा याच वर्गात." लेक शेजारीच उभी. घरी येताना जिन्यात एकदम विचारते, "मग बाकावर माझ्या शेजारी कोण बसेल? नवीन मुली?" काय सांगणार?

आमच्या खाली बँडवाले मास्तर राहतात. उभा जन्म बँडमध्ये ड्रम वाजवला, आता गुडघे गेलेत. आमची रोजची आरडाओरड ऐकून ते कसेबसे वर आले, म्हणाले, "पोरीला संध्याकाळी अर्धा तास माझ्याकडे पाठवा." मी म्हटलं, "मास्तर, ड्रम बडवून कुणी वाचायला शिकतं का हो?" म्हणजे बघा, पेन्शनरांच्या आधी मीच विचारलं होतं! मास्तर दम खात म्हणाले, "ती आळशी नाही हो. शब्द तिच्या कानावर एकदम पडतो, गोणी उलटी केल्यासारखा. दाणा न् दाणा सुटा ऐकू यायला कान घडवावा लागतो, आणि कान घडला की डोकं घडतं. वाजवून वाजवून घडतं, या वयात तर पटकन." बायको आतून म्हणाली, "पाठवा की! ओरडून कुठे काय आलंय?"

पटकन कसलं? आठ महिने! घरी सरावाला म्हणून मास्तरांचा जुना ड्रमही वर आणला. क-पा-ट, तीन ठोके. बा-द-ली, तीन ठोके. ड्रमवर, डब्यांवर, मी पालथा झोपलो तर माझ्या पाठीवर! पेन्शनर जिन्यातून ओरडतायत, "अहो, माणसं राहतात इथं!" आणि चौथ्या महिन्यात एकदा औषधाची बाटली हातात घेऊन, बोट आपटत, लेकीनं वाचलं, "जे-व-णा-नं-त-र." हळू, पण अंदाज नाही, सगळं खरं! बायकोनं गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली.

आता यानंतर शहाण्या माणसानं काय करावं? मी काय केलं? परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा ड्रम कपाटावर टाकला! "आता वाजवणं पुरे, फक्त वाचन!" चार दिवसांत कपाटाचा पुन्हा कपडा झाला. लेक नखं खायला लागली.

पाचव्या दिवशी कामावर... आमचं काम जोडीनं चालतं, जोडीदार मूळ कागद मोठ्यानं वाचतो, मी छापलेल्यावर नजर फिरवतो. तो वाचता वाचता थांबला. "जरा हळू ठोका, माझा चहा सांडतोय."

"काय ठोकतोय मी?"

"बोट! शब्दागणिक मेजावर ठोकता तुम्ही. बावीस वर्षं. तुम्हाला ठाऊक नाही?"

मी माझ्या बोटाकडे बघत बसलो. घरी गेलो, चप्पल न काढता स्टुलावर चढलो आणि ड्रम खाली काढला.

परीक्षेचा दिवस. मी दाराबाहेर. लेक गुडघ्यावर बोट आपटत वाचतेय, एक ओळ झाली, दोन झाल्या, आणि बाई म्हणाल्या, "ही काय सवय? हात बांधून वाच!" बोट थांबलं. आवाजही थांबला. आत जायची परवानगी नव्हती, तरी गेलो. म्हटलं, "बाई, मला हात बांधून वाचायला सांगा, मीही नापास होईन. आणि माझं पोट वाचनावर आहे."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग म्हणाल्या, "बस गं खुर्चीवर नीट. हात मोकळे सोड. वाच."

वाचलं तिनं. अख्खं पान. थांबत थांबत वाचलं, दोन ठिकाणी चुकली, एक चूक तिची तिनंच मागे जाऊन सुधारली. लाल पेन माझ्या खिशातच राहिलं.

आता ती चौथीत आहे. अजून सावकाशच वाचते, पण वाचते. आणि काल जिन्यात पेन्शनर भेटले. मी तयारच होतो, आता विचारणार, ड्रम बडवून कुणी... पण नाही. हात जोडून म्हणाले, "पोरीची प्रगती ऐकली, आनंद झाला. पण आता खालून जो ड्रम वाजतो, त्याला ठेकाच नाही हो! मास्तरांनी हे नवीन कोण घेतलंय?"

काय सांगणार? सहाला तिची शिकवणी असते... साडेसहाला माझी.