कडुलिंबाच्या पलीकडचं दार

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनीही बसा. टँकर अजून यायचा आहे आणि तुमचा जीव निम्मा तिकडे लागला आहे, हे मला ठाऊक आहे. तरी तुम्ही आलात. मी फार वेळ घेणार नाही.

या दवाखान्याची मेट्रन म्हणून मी इतकी वर्षं तुमच्याशी बोलले ते सूचना देण्यासाठी. रांग मोडू नका. पट्टी भिजवू नका. तसलं बोलणं मला येतं. आजचं येत नाही. मध्ये थांबले तर तुम्हीही थांबा.

आपल्या एल्सीआजी परवा गेल्या. काल आपण त्यांना त्यांच्या नवऱ्याच्या, हॅरॉल्डसाहेबांच्या, शेजारी मातीआड केलं. त्या किती प्रेमळ होत्या, हे माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. मला दुसरं सांगायचं आहे. ते साहेबांना सांगायचं राहिलं. आजींना सांगायचं राहिलं. आता तुम्ही उरलात.

आठवा, ते दोघं आले तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कचेरीत कपाटं यायची होती आणि आपल्या विहिरींतलं पाणी गेलेलं होतं. हॅरॉल्डसाहेब आणि एल्सीआजी, दोघंही साठी ओलांडलेले. मुलं संसाराला लागलेली. नोकरी संपली की माणसं घरी बसतात. हे दोघं पेट्या बांधून, मिशनचं काम करायला म्हणून, समुद्र ओलांडून उदगीरच्या रस्त्यावरच्या या गावात आले. डॉक्टर दोघांपैकी कुणीच नव्हतं. साहेबांना यंत्रं कळायची, म्हणून ते हापसे दुरुस्त करायचे. तुम्ही त्यांना हापसेवाले साहेब म्हणायचात. पाणी खाली गेलं होतं, हापसा नुसता वारा ओकायचा, तरी साहेब सायकलला पाने-पकडी बांधून पहाटेच निघायचे. आजी जुन्या चादरी फाडून पट्ट्या करायच्या, फाटके गाऊन शिवायच्या. सकाळी दोघं मिळून बायबल वाचायचे. दुपारी एक भाकरी दोघांत. सकाळी त्यांची भांडी घासायला जाणाऱ्या कमळाबाईंनी शिकवलेलं पिठलं आजींना कधी जमलं नाही. साहेब ते मुकाट्यानं खायचे.

साडेतीनला साहेब परत यायचे. अर्ध्या बादलीत अंघोळ. मग इस्त्रीचा पांढरा शर्ट. चार वाजता अंगणातल्या कडुलिंबापलीकडच्या त्यांच्या खोल्यांचं दार लागायचं, ते संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत.

हे मी माझ्या खिडकीतून रोज बघत होते. मला वाटायचं, म्हातारी माणसं आहेत, विश्रांती घेतात. विश्रांतीला कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं का? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

आता माझा हुकूम आठवा. तुम्हा सगळ्यांना तो पाठ आहे. ते आले त्या पहिल्या आठवड्यात तुम्ही बायका त्यांच्या पायरीवर जाऊन बसलात. कुणी आजींचे केस हातात घेऊन बघितले. कुणी लेकरू त्यांच्या मांडीवर दिलं. मी आले आणि सगळ्यांना उठवलं. म्हटलं, चारनंतर या कडुलिंबाच्या पलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. साहेबलोकांना ते आवडत नाही.

मला कुणी सांगितलं होतं, त्यांना आवडत नाही? कुणीच नाही. मी हैदराबादेत शिकले. तिथं आमच्या वरच्या बाई गोऱ्या होत्या. त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्याबाहेर आम्ही उभ्या राहायचो. बोलावलं तर आत, नाहीतर उन्हातच. ते मी शिकले आणि तेच इथं लावलं. हे दोघं तसे आहेत की नाहीत, हे बघायचे कष्ट मी घेतले नाहीत.

तुम्ही हुकूम पाळलात. समोरच्या दुकानातले अप्पा तेवढे चिडवायचे. म्हणायचे, "मेट्रनबाई, तुमचा कर्फ्यू लई कडक हाय. कावळाबी झाडावर बसायला तुमाला इचारायलाय." अप्पा, हसू नका. तुम्हीच एकदा मला म्हणाला होतात, घरात माणसं दोन, अन् साहेब दर शनिवारी बिस्किटाचे एवढे पुडे नेतात, पाव्हणे येतेत की काय? मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही दुकान बघा. कमळाबाईंनीही सांगितलं होतं, की सकाळी धुवायला चार कपबश्या असतात, पण दोनच खरकट्या असतात. मी म्हटलं, असतील त्यांच्या पद्धती.

आणि एकदा साहेबांनी स्वतः मला विचारलं. औषधांच्या खोलीच्या दारात उभे होते. डोक्यावरची टोपी हातात. म्हणाले, मेट्रन, चार वाजता तुम्ही काय करता? मी मान वर न करता म्हटलं, रजिस्टर लिहिते, मला वेळ नसतो. ते 'बरं' म्हणाले. टोपी घातली आणि गेले.

दोन वर्षं अशी गेली, मंडळी.

मग तो दिवस. ऊन रणरणत होतं. साडेचार झाले असतील. आजींनी दार उघडलं आणि हाका मारायला लागल्या. अंगणात कमळाबाई होत्या, पाण्याला निघालेल्या तीन-चार बायका होत्या. सगळ्यांनी हाका ऐकल्या. कडुलिंबापाशी येऊन सगळ्या थांबल्या. कमळाबाई पळत माझ्याकडे आल्या आणि मला काय म्हणाल्या?

म्हणाल्या, "बाई, आजी हाका मारायल्यात. जाऊ का?"

जाऊ का. माणूस जात होता आणि त्या मला विचारत होत्या, जाऊ का.

मी म्हटलं, थांब, मी बघते. कपाटाला कुलूप घातलं. मग गेले.

साहेब खुर्चीत होते. गेलेले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, पाच मिनिटं आधी येऊनही काही झालं नसतं. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे. पण मी सांगते आहे ते वेगळं आहे. त्या वेळी त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं, आणि टेबल पाहिलं. स्वच्छ टेबलक्लॉथ. बशीत बिस्किटं गोलाकार मांडलेली. दुधाच्या भांड्यावर मण्यांची जाळी. आणि चार कपबश्या. दोघांच्या पुढ्यात दोन, आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे दोन. मला वाटलं, आज कुणी यायचं होतं वाटतं.

तुम्ही सगळे तेव्हा आलात. मयताच्या घरी जायला माझी परवानगी लागत नाही, एवढं तुम्हाला कळत होतं. तीन दिवस त्या घरात चूल पेटू दिली नाहीत. कुणी भाकरी आणल्या, कुणी आपल्या वाट्याच्या पाण्यातला तांब्या आणला. आजी नुसत्या माणसांकडे बघत होत्या. चौथ्या दिवशी पांगापांग झाली, तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं.

त्या म्हणाल्या, त्यांच्या गावी नवीन माणूस राहायला आलं की जुने शेजारी आपणहून भेटायला येतात. आधी आपण जायचं नसतं, ते आगाऊपणाचं दिसतं. म्हणून दोघं रोज चारला तयार होऊन बसायचे. धूळ येते म्हणून दार लावून घ्यायचे, पण कडी कधीच घातली नाही. कुणी दार वाजवेल म्हणून कान तिकडे. साहेब म्हणायचे, दुष्काळ आहे, लोक कामात आहेत, उद्या येतील. प्रार्थनेची वेळ झाली की आजी दोन कोरे कपही उचलून धुवायला ठेवायच्या.

मंडळी, आपण दार वाजवतो का? आपण बाहेरून हाक मारतो. अंगणात उभं राहून खाकरतो. लागलेलं दार दिसलं की माघारी फिरतो. आणि तुम्हाला तर तिथपर्यंतही मी जाऊ दिलं नव्हतं.

मग आजींनी मला विचारलं, "मेट्रन, आमचं काही चुकलं का? लोक का आले नाहीत?"

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. माझ्यामुळे आले नाहीत. मी म्हटलं, "नाही आजी. लोक पाण्याच्या मागे असतात."

त्यांनी मान हलवली. साहेबही असंच म्हणायचे, म्हणाल्या.

त्यांच्या मुलीची पत्रं येत होती, परत ये म्हणून. त्या गेल्या नाहीत. दार तेव्हापासून उघडंच ठेवलं, धूळ आली तरी. दुसऱ्या दिवसापासून चार वाजता मी जाऊन बसायला लागले. माझं बघून तुम्हीही यायला लागलात. हुकूम मागे घेतला असं मी कधी बोलले नाही. माझ्याच्यानं बोलवलं नाही. दहा महिने मी त्यांच्या हातचा चहा प्यायले. रोज ठरवून जायची, आज सांगायचं. रोज चहा पिऊन उठायची. त्या मला कप देताना दर वेळी 'थँक यू' म्हणायच्या. देणाऱ्या त्या, आणि थँक यू त्याच म्हणायच्या.

तुम्ही त्यांना टाळलं नव्हतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती, एकटीची. साहेब दोन वर्षं इस्त्रीचा शर्ट घालून वाट बघत राहिले आणि वाट बघतच गेले. हे आज सगळ्यांसमोर बोलले. एवढंच बोलायला उभी राहिले होते.

ही सभा मी मुद्दाम चारला ठेवली. आता आपण स्तब्ध राहू, पण इथं नको. त्यांच्या खोल्यांचं दार मी सकाळीच उघडून आले आहे. टेबलावर कपबश्या मांडल्या आहेत. सगळ्यांना पुरणार नाहीत, पण मांडल्या आहेत. तिथं आत, पायरीवर, अंगणात, जिथं जागा मिळेल तिथं बसा. दोन मिनिटं कुणी बोलू नका.

कमळाबाई, तुम्ही पुढे व्हा. माझ्याकडे बघू नका. विचारू नका. कडुलिंब ओलांडा, आणि आत जा.