बारा, तेरा, पंधरा, एकोणीस

सत्यभामाबाई : आषाढात आलेल्या गोपालच्या पत्राचं उत्तर दिवाळी आली तरी काऊन नाई गेलं, एवढंच इचारून राह्यली मी.

शालिग्राम : तयारी चालू आहे.

सत्यभामाबाई : तीन वह्या भरल्या. लग्नाची यादी बी इतकी मोठी नसते. आज बाजारात गोपालची बहीण भेटली, काजल. म्हणे, सरांची तब्येत बरी हाये ना? मी म्हटलं, ठणठणीत हाये, फक्त उत्तर देत नाईत.

शालिग्राम : असं सांगितलंस?

सत्यभामाबाई : मंग काय खोटं सांगू? तुमच्या हाताखाली शिकलेलं पोरगं. आकाशपाळण्यावर मेकॅनिक हाये. पाळणा ज्याच्यावर फिरते, त्या शाफ्टले त्याले भेग दिसली. मालक रंगराव त्याले म्हणते, भेग कोन्या शाफ्टले नसते? जाणत्या माणसाचा कागद आन, तं पाळणा थांबवतो. पावसाळाभर पाळणा उभाच होता, आता दिवाळी झाली का उंद्रीले जत्रा हाये.

शालिग्राम : मी जाणता नाही. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी फक्त भेग मोजली. मशीन लोखंडी कांब वाकवायचं, सोडायचं, वाकवायचं, सोडायचं. दर दहा हजार हेलकाव्यांनी मी सूक्ष्मदर्शकातून पाहायचो आणि आकडा पेन्सिलीनं लिहायचो. साहेब त्यावर शाई फिरवायचे आणि सही करायचे.

सत्यभामाबाई : तुमची एकबी सही नाई?

शालिग्राम : हजेरीपटावर आहे.

सत्यभामाबाई : बरं, गोपालनं काय मोजलं थे सांगा. मले समजन असं.

शालिग्राम : शाफ्टला डिझेल चोळलं, पुसून कोरडं केलं, वर खडूची पूड टाकली. भेगेत मुरलेलं डिझेल पुडीत उतरलं, ओली रेघ दिसली. ती पट्टीनं मोजली. दर हजार फेऱ्यांनी एकदा. बारा मिलिमीटर, तेरा, पंधरा, एकोणीस.

सत्यभामाबाई : पह्यले एक वाढली, मंग दोन, मंग चार.

शालिग्राम : हो.

सत्यभामाबाई : हे तं मले बी दिसून राह्यलं.

शालिग्राम : दिसतं ते वरचं. आत किती खोल गेली, माहीत नाही. लोखंड कोणतं, माहीत नाही. पट्टी कंपासपेटीतली. मी तीन रीतींनी करून पाहिलं. शाफ्ट तुटायला कधी दोन हजार फेरे येतात, कधी नऊ हजार.

सत्यभामाबाई : मंग दोन हजार लेहा.

शालिग्राम : आणि नऊ हजार टिकला तर? रंगराव म्हणेल, म्हाताऱ्यानं माझी जत्रा बुडवली.

सत्यभामाबाई : आन हजारातच तुटला तं?

शालिग्राम : तेही होऊ शकतं.

सत्यभामाबाई : तवा कोन काय म्हणीन, थे लेहून ठिवा चौथ्या वहीत.

शालिग्राम : तू चिडू नकोस.

सत्यभामाबाई : चिडली कुठी? पत्र काढा. माझा चष्मा नाई, तुमीच वाचा. शेवटची ओळ.

शालिग्राम : "सर, लोकांना बसवू का, तेवढं कळवा."

सत्यभामाबाई : किती फेरे टिकन, हे कुठी इचारलं?

शालिग्राम : वर असेल. थांब. नाही... मागच्या बाजूलाही नाही.

सत्यभामाबाई : मंग चार मह्यने कायचं गणित करून राह्यले तुमी?

शालिग्राम : मला वाटलं, आकडा विचारलाय. आम्हाला नेहमी आकडाच विचारायचे.

सत्यभामाबाई : थो म्हणते, बसवू का. बसवू का?

शालिग्राम : नको.

सत्यभामाबाई : हे कवा समजलं तुमाले?

शालिग्राम : पत्र वाचलं तेव्हाच. चहा निवायच्या आत.

सत्यभामाबाई : हा पेन घ्या. पेन्सिल ठिवा खाली.

(संग्रामपूरचं पोस्ट. खिडकीमागे टपाल घेणारी वंदना.)

वंदना : स्पीड पोस्ट करा काका, दोन-तीन दिवसात उंद्रीले पोचते. पाकीट उघडंच हाये. चिकटवू?

शालिग्राम : थांब. एकदा वाचून पाहतो.

सत्यभामाबाई : नाई. चिकटव, पोरी.

वंदना : असं काय लेहलं काकांनी?

सत्यभामाबाई : सांगा ना तिले. सही करून झाली, आता भेता काऊन?

शालिग्राम : "चिरंजीव गोपाल यास आशीर्वाद. शाफ्टची भेग वाढते आहे आणि वाढण्याचा वेगही वाढतो आहे. लोकांना बसवू नये. शाफ्ट बदलेपर्यंत रिकामा पाळणाही फिरवू नये. हे पत्र मालकांना दाखवावे. उत्तराला उशीर झाला, ती चूक माझी." खाली माझं नाव. पूर्ण.

वंदना : झालं, लागला शिक्का. ही घ्या पावती. म्हणजे औंदा जत्रेत पाळणा नाई? आमची पोरगी अर्पिता उंद्रीले मामाकडं जाऊन राह्यली त्याच्याचसाठी. पाळण्यात बसाले नाई भेटलं, तं काय करतीन पोरं?

शालिग्राम : कुरकुर करत घरी येतील.