मालकाचा फेटा

सेतू केंद्राच्या रांगेत दोन बायांच्या मागं पुंजाराम उभे होते. डोक्याला गुलाबी फेटा. त्यांच्या रानात एका कंपनीनं एका दिवसापुरता मंडप टाकला, तेव्हा सत्कारात बांधलेला.

"उषाबाई, वडीगोद्रीकडं प्लॉट घेतला म्हणं?" पुढच्या बाईनं दुसरीला विचारलं.

"घेतला की. हायवेला लागून."

"एनए झालंय?"

"होईल म्हणले."

"रेराचा नंबर?"

"त्योबी येईल म्हणले."

"मंग सातबारा कुणाच्या नावावर?"

"अजून शेतकऱ्याच्याच. पण त्यो बिलकुल राजी हाय. मंडपात आमच्यासमोर त्याला गुलाबी फेटा बांधला. म्हातारा हात जोडून हसून राह्यल्ता."

"जमीन इकली, असं बोलला का?"

"न्हाई. पण फेटा बांधून घेतला ना!"

पुंजारामांनी फेटा उतरवला आणि पिशवीत कोंबला.