ठिगळ लावलेलं पॅराशूट

तुम्ही हसाल, पण चूक समोर दिसत असूनही मी ते रॉकेट उडवलं. मेडशीच्या शाळेत मी मुलांकडून छोटं रॉकेट बनवून घेत होतो, तेव्हाची गोष्ट. पॅराशूटच्या मधोमध हवा निसटून ते सरळ खाली यावं म्हणून मुद्दाम भोक ठेवतात, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. सातवीतल्या वैष्णवीनं पॅराशूट दोरे बांधायला घरी नेलं. सकाळी पाहतो तर भोकावर जुन्या साडीचं सुबक ठिगळ!

“मायनं लावलं, सर. म्हणे, लेकराईच्या वस्तूले भोक काहून ठेवलं?”

मला काही ते उसवायचा धीर झाला नाही. रॉकेट उडालं, वर पॅराशूट उघडलं आणि वाऱ्यावर तरंगत तुरीच्या शेतांपलीकडे निघालं.

मी विचारलं, “रॉकेटच्या उड्डाणाचा शेवटचा टप्पा कोणता?”

वैष्णवी वर बघतच म्हणाली, “जमिनीवर येणं. पण मायचं ठिगळ हाय ना सर, ते पडूच नाही देत त्याले.”