कुकरच्या थप्पीमागची मातामाय

इतवारीतल्या दातांच्या दवाखान्यात ईश्वरदास सुजलेला गाल धरून बसला होता. मागच्या बाकावर मावशी-भाचीचं चाललं होतं.

“माह्या वैभवच्या लग्नाची पहिली पत्रिका मातामायले, काजल. त्याबिगर दुसऱ्या कोणालेच नाही.”

“पण मावशी, मातामाय तर आता भांड्याच्या दुकानात आहे!”

“कुकरच्या थप्पीमागं. मी डोयानं पाहिलं. दुकान कालचं वं, ती आधीची. निंबाखालची देवी होती. तिले सूत वाहिल्याबिगर आपल्या लोकायनं मागावर ताणा नाही चढवला.”

“मंग मालकाले विचार ना.”

“त्या ईश्वरदासले? म्हणन, आधी कुकर घ्या.”

ईश्वरदासने गालावरचा हात नाकापर्यंत ओढला.

“मंग कसं करतं?”

“तू कुकर उचलून विचार, शिटी काहून वाजत नाही.”

“दुकानात शिटी कशी वाजन?”

“हेच त्याले समजावू दे. तेवढ्यात मी हळद लावतो, पत्रिका ठेवतो.”

“मातामाय रागावली असन त्?”

“भांड्याच्या आदळआपटीत झोप कुठं झाली तिची! रागावलीच असन. म्हणून त् आजच जाऊ.”

नंबर पुकारायच्या आधीच ईश्वरदास जिन्यात गेला आणि त्याने दुकानात फोन लावला.

“रोशन, कुकरची थप्पी हटव. मागच्या ज्या दगडावर बसून तू डबा खातो, तो धुऊन काढ. दोघी येतीन. शिटीचं विचारलं त् समजावत बस, मागं पाहू नको. अन् पत्रिका ठेवून गेल्या का तारीख पाहून ठेव. आपल्या दुकानात आली, म्हणजे आपल्यालेबी बोलावणं झालंच.”